ग्लायोब्लास्टोमाचा रुग्ण गावी परतल्यावर : तालुक्याच्या डॉक्टरांसाठी

मेंदूतली हाय-ग्रेड गाठ म्हणजे मोठ्या माणसांत बहुतेक वेळा ग्लायोब्लास्टोमा. ऑपरेशन मुंबई-पुण्याला किंवा नागपूरला होतं, शेकही (रेडिएशन) तिथेच लागतो. सहा आठवडे संपले की रुग्ण पिशवीभर औषधं आणि जाडजूड फाईल घेऊन गावी येतो. पुढचे सहा-आठ महिने ताप आला, फिट आली, पाय सुजला की तो तुमच्याच दारात उभा राहणार. उपचाराचा आराखडा मोठ्या रुग्णालयानं ठरवायचा हे खरं, पण घोटाळे होतात ते घरी : टेमोझोलोमाइड या केमोच्या कॅप्सूल चुकीच्या हिशेबानं खाल्ल्या जातात, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) राहून जाते, डेक्सामिथासोन हे सूज उतरवणारं स्टिरॉइड एका दिवसात बंद होतं. हे घोटाळे टाळायला न्यूरोसर्जन लागत नाही. एक कॅलेंडर, साधी लॅब आणि फाईल नीट वाचणारा डॉक्टर लागतो.

गाठ पहिल्यांदा दिसते तेव्हा

पन्नाशी ओलांडलेला माणूस, आयुष्यात पहिल्यांदाच आलेली फिट किंवा सकाळी जास्त दुखणारं डोकं, आणि सीटीवर कड्यासारखी चमकणारी गाठ. आपल्याकडे अशा चित्रावर क्षयाची औषधं सुरू करून "दोन महिन्यांनी पाहू" म्हणण्याची सवय आहे. तरुण रुग्णात, छातीत क्षय सापडला असेल तर त्यात तथ्य असू शकतं. वयस्क रुग्णात मात्र ते दोन महिने गाठीच्या पदरात पडतात. कॉन्ट्रास्ट एमआरआय मागवा आणि त्यात डिफ्यूजन (पाण्याची हालचाल दाखवणारं) व परफ्यूजन (रक्तपुरवठा दाखवणारं) हवंच असं चिठ्ठीवर लिहा. गळूतला पू डिफ्यूजनवर पांढराशुभ्र दिसतो आणि त्याच तपासणीच्या एडीसी नकाशावर काळा. ग्लायोब्लास्टोमाच्या मधला मेलेला भाग सहसा तसा दिसत नाही, त्याची कड जाड आणि वेडीवाकडी असते आणि परफ्यूजनमध्ये त्या कडेचा रक्तपुरवठा वाढलेला दिसतो. ट्युबरक्युलोमात (क्षयाच्या गाठीत) स्पेक्ट्रोस्कोपीवर (गाठीतली रसायनं दाखवणाऱ्या एमआरआयवर) १.३ पीपीएमपाशी लिपिडचा उंचवटा येतो. पण मेलेला भाग असलेल्या ग्लायोब्लास्टोमातही लिपिड दिसतं, म्हणून तेवढ्यावर क्षयाचं निदान करू नका.

सूज कमी करायला डेक्सामिथासोन देण्याआधी एमआरआय पुन्हा एकदा पाहा. गाठ व्हेंट्रिकलला (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीला) चिकटून असेल आणि सगळीकडे सारखी चमकत असेल तर लिम्फोमाची (लिम्फोसाइट पेशींच्या कर्करोगाची) शंका धरा. स्टिरॉइडनं लिम्फोमा विरघळल्यासारखा लहान होतो, मग बायोप्सीत काहीच हाती लागत नाही. रुग्ण गुंगीत नसेल तर बायोप्सीपर्यंत स्टिरॉइड थांबवा. मेंदूवर दाब येऊन तो गुंगीत जात असेल तर हा नियम लागू नाही. जीव आधी, निदान नंतर.

फाईलमधल्या सहा नोंदी

फाईल शंभर पानांची असली तरी तुम्हाला लागणाऱ्या नोंदी मोजक्याच. पहिल्या पानावर लाल पेनानं उतरवून घ्या : हिस्टोपॅथॉलॉजीचं पूर्ण निदान, एमजीएमटी या जनुकाच्या तपासणीचा निकाल, शेकाचे एकूण किती ग्रे (शेकाचं माप) आणि शेवटचा शेक कोणत्या तारखेला, टेमोझोलोमाइडचा आताचा डोस आणि कितवी सायकल, डेक्सामिथासोनचा आजचा डोस, हिपॅटायटिस बीचा रिपोर्ट.

निदानाच्या नावांत २०२१च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणानं बरीच उलथापालथ केली. मोठ्या माणसात ग्लायोब्लास्टोमा हे नाव आता फक्त आयडीएच वाइल्ड-टाइप, म्हणजे आयडीएच जनुकात बदल नसलेल्या, गाठीलाच देतात आणि ती ग्रेड ४च असते. आयडीएच म्युटंट गाठ सूक्ष्मदर्शकाखाली कितीही आक्रमक दिसली तरी ती "अ‍ॅस्ट्रोसायटोमा, ग्रेड ४". तिचा मार्ग तुलनेनं संथ असतो. त्यामुळे जुन्या फाईलमध्ये "ग्लायोब्लास्टोमा, आयडीएच म्युटंट" दिसलं तर दोन वेगळे आजार समजून गोंधळू नका. उलटंही होतं. बायोप्सीत मेलेला भाग दिसत नाही, गाठ सौम्य वाटते, पण टर्ट प्रमोटर म्युटेशन, ईजीएफआर अ‍ॅम्प्लिफिकेशन किंवा क्रोमोसोम ७ जास्त आणि १० कमी असं काही आढळलं तर आयडीएच वाइल्ड-टाइप गाठ ग्लायोब्लास्टोमाच ठरते. "रिपोर्टात नेक्रोसिस नाही, मग एवढा शेक कशाला?" असं नातेवाइकांनी विचारलं तर उत्तर यात आहे.

एमजीएमटी मेथिलेटेड असेल तर टेमोझोलोमाइडचा उपयोग जास्त होतो. पेशीकडे औषधानं केलेलं नुकसान दुरुस्त करणारं जे प्रथिन असतं, त्याचं जनुक अशा गाठीत बंद पडलेलं असतं.

आराखडा थोडक्यात

आधी सुरक्षितपणे जमेल तेवढी गाठ काढतात. ५-एएलए हे औषध भूल देण्याच्या सुमारे तीन तास आधी किलोला २० मिग्रॅ या हिशेबानं पाजलं की निळ्या प्रकाशात गाठ गुलाबी दिसते. २००६च्या जर्मन चाचणीत त्यामुळे चमकणारा भाग पूर्ण निघण्याचं प्रमाण ३६ वरून ६५ टक्क्यांवर गेलं. आपल्याकडे स्वस्त म्हणून फ्लुओरेसिनही वापरतात. ऑपरेशननंतरचा एमआरआय ४८ ते ७२ तासांच्या आत व्हायला हवा. नंतर जखम भरतानाही तिथे चमक येते आणि किती गाठ उरली ते सांगता येत नाही.

मग शेक : ६० ग्रे, ३० भागांत, आठवड्याला पाच दिवस. सोबत रोज टेमोझोलोमाइड. त्यानंतर चार आठवडे विश्रांती आणि पुढे सहा सायकल. २००५ साली ५७३ रुग्णांच्या चाचणीतून हा आराखडा आला आणि आजही पाया तोच आहे. नुसत्या शेकानं मध्यक आयुर्मान १२.१ महिने होतं, कॅप्सूल जोडल्यावर १४.६ झालं. दोन वर्षांनी हयात असलेले १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्के झाले. दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा, कारण औषधाचा मोठा फायदा थोड्या रुग्णांना होतो. ६५च्या पुढच्या थकलेल्या रुग्णात ४० ग्रे १५ भागांत देतात, तेव्हा "तीनच आठवडे दिला, म्हणजे अर्धवट दिला" असं नातेवाइकांना वाटू देऊ नका. डोक्यावर चिकटवायच्या विद्युतपट्ट्यांचं उपकरणही आहे. चाचणीत त्यानं मध्यक आयुर्मान १६ महिन्यांवरून २०.९ वर नेलं. पण ते दिवसाला किमान १८ तास लावून ठेवावं लागतं आणि खर्च बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचा आहे. त्यासाठी शेत विकायचा सल्ला आम्ही देणार नाही.

शेक चालू असताना तुमच्याकडे कोणी आलं तर दोन गोष्टी पाहा. स्टिरॉइडनं चेहरा सुजला की शेकाचा मास्क घट्ट होतो. ते रुग्ण निमूट सोसतात, त्यांना तंत्रज्ञाला सांगायला लावा. आणि साध्या सर्दीतापासाठी "चार दिवस घरी आराम करा" असं परस्पर सांगू नका. शेकात पडलेला खंड भरून काढावा लागतो, म्हणून आधी शेकाच्या युनिटला फोन करा.

कॅप्सूलचा हिशेब

टेमोझोलोमाइडचे दोन वेगवेगळे हिशेब आहेत आणि सगळ्यात घातक चूक या दोघांची सरमिसळ झाल्यानं होते.

शेकाच्या काळात चौरस मीटरला ७५ मिग्रॅ, रोज. शनिवार-रविवारीसुद्धा. शेकाला सुटी असते म्हणून रुग्ण कॅप्सूललाही सुटी देतात, हे न चुकता विचारा. साधारण ४२ दिवस, मशीन बंद पडून शेक लांबला तरी ४९ दिवसांपुढे नाही.

नंतरच्या सायकलमध्ये २८ दिवसांपैकी फक्त पहिले पाच दिवस. पहिल्या सायकलला चौरस मीटरला १५० मिग्रॅ, ती झेपली तर दुसरीपासून २००. उरलेले २३ दिवस एकही कॅप्सूल नाही.

उदाहरण घेऊ. उंची १६० सेंमी, वजन ५८ किलो. दोन्हींचा गुणाकार ९,२८०. त्याला ३,६०० नं भागा, २.५८ येतात. त्याचं वर्गमूळ काढा : १.६ चौरस मीटर. शेकाच्या काळात ७५ गुणिले १.६ म्हणजे १२० मिग्रॅ, अर्थात १००ची एक आणि २०ची एक. पहिल्या सायकलला २४० मिग्रॅ : १००च्या दोन, २०च्या दोन, पाच दिवस. दुसरीला ३२० : १००च्या तीन आणि २०ची एक. बाजारात २५०चीही कॅप्सूल मिळते. दुकानदारानं एका महिन्यात १००च्या दिल्या आणि पुढच्या महिन्यात २५०च्या, तर "मागच्या वेळेसारख्याच चार घ्यायच्या" हे वाक्य जिवावर बेतू शकतं. म्हणून कॅप्सूलची संख्या सांगू नका, मिलिग्रॅम लिहा. पाच छोटी पाकिटं करून प्रत्येकावर तारीख घाला, आणि सहाव्या दिवसाचं पाकीट घरात असूच नये याची खात्री करा. रोजच्या गोळीसारखं सायकलचं औषध महिनाभर खाल्लेला रुग्ण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात प्लेटलेट कोसळून, हिरड्यांतून रक्त येत दाखल होतो.

घ्यायची पद्धत अशी. ऑन्डॅन्सेट्रॉन ८ मिग्रॅ, अर्ध्या ते एक तासानं टेमोझोलोमाइड, भरपूर पाण्याबरोबर, रिकाम्या पोटी. शेकाच्या काळात शेकाआधी सुमारे एक तास. सायकलच्या काळात रात्री जेवणानंतर दोन-अडीच तासांनी, झोपताना घेतलेली बरी, म्हणजे मळमळ झोपेत निघून जाते. कॅप्सूल घेतल्यावर उलटी झाली तरी त्या दिवशी पुन्हा घ्यायची नाही. पेशीमारक भुकटी आहे, त्यामुळे कॅप्सूल फोडून मधातून देण्याचा प्रयोग नको. घरात गरोदर सून किंवा लेक असेल तर तिनं ती हाताळू नये. गिळता येत नसेल तर केंद्राला (जिथे उपचार ठरला त्या मोठ्या रुग्णालयाला) विचारा. ऑन्डॅन्सेट्रॉननं बद्धकोष्ठता होते आणि मेंदूत सूज असलेल्या माणसानं कुंथणं चांगलं नाही. इसबगोल किंवा लॅक्ट्युलोज पहिल्या दिवसापासून द्या.

तरुण पुरुष असेल तर उपचार सुरू होण्याआधी वीर्य साठवण्याबद्दल कोणीतरी बोललं पाहिजे. बऱ्याचदा कोणीच बोललेलं नसतं. स्त्री असो वा पुरुष, उपचाराच्या काळात आणि नंतरचे काही महिने गर्भधारणा टाळायची आहे, हेही मोकळेपणानं सांगा.

काढे, भस्मं, गोमूत्र अर्क यांतलं काहीतरी घरात चालू असेलच असं धरून विचारा, आणि रागावू नका. रागावलात तर पुढच्या वेळी लपवतील. यकृताच्या तपासण्या वाढल्या तर ती माहिती तुम्हाला लागणार आहे. "कॅप्सूलच्या पाच दिवसांत आणि रक्त तपासेपर्यंत दुसरं काही नको" एवढी अट सहसा मानली जाते.

सीबीसी : कधी, आणि आकडा कसा वाचायचा

एएनसी म्हटलं की आपल्याला आधी गरोदर बाई आठवते. इथे त्याचा अर्थ न्यूट्रोफिल पेशींची खरी संख्या. लॅब ती छापत नसेल तर स्वतः काढा : एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलची टक्केवारी. पेशी २,८०० आणि न्यूट्रोफिल ४८ टक्के असतील तर १,३४४. रिपोर्टाकडे नुसतं पाहिलं तर २,८०० "थोडं कमी" वाटतं, पण कॅप्सूल थांबवायची वेळ आलेली असते.

शेकाच्या काळात दर आठवड्याला सीबीसी. एएनसी १,५०० च्या खाली किंवा प्लेटलेट एक लाखाच्या खाली गेल्या तर कॅप्सूल थांबवा, शेक केंद्राच्या सल्ल्यानं चालू राहतो. दोन्ही आकडे वर आले की पुन्हा त्याच डोसनं सुरू. एएनसी ५०० किंवा प्लेटलेट १० हजारांखाली गेल्या तर शेकासोबतच्या कॅप्सूल कायमच्या बंद.

सायकलच्या काळात पेशी सगळ्यांत खाली जातात त्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. म्हणून २२व्या दिवशी सीबीसी हवीच आणि पुढची सायकल सुरू करण्याआधी पुन्हा एक. एएनसी १,५०० आणि प्लेटलेट एक लाख, दोन्ही असल्याशिवाय पहिलं पाकीट उघडायचं नाही. पेशी भरल्या नसतील तर दर आठवड्याला तपासत थांबा. मागच्या सायकलमध्ये एएनसी हजाराखाली किंवा प्लेटलेट ५० हजारांखाली गेल्या असतील तर पुढचा डोस चौरस मीटरला ५० मिग्रॅनं उतरतो. तो निर्णय केंद्राचा, पण आकडा त्यांच्यापर्यंत पोचवणं तुमचं काम. २२व्या दिवसाची तपासणीच झाली नाही तर पुढची सायकल आंधळेपणानं दिली जाते, कारण २८व्या दिवशी पेशी भरून आलेल्या असू शकतात आणि मधला खड्डा कुणाला दिसतच नाही.

पावसाळ्यात प्लेटलेट ४० हजार दिसल्या की सगळे डेंग्यूकडे धावतात. एनएस-१ जरूर करा, पण टेमोझोलोमाइडची कितवी सायकल आणि कितवा दिवस हे आधी मोजा. दोन्ही एकदम असू शकतं, आणि निकाल काहीही आला तरी कॅप्सूल थांबवायचीच आहे. पेशी तीन-चार आठवड्यांतही भरल्या नाहीत, पांढऱ्या पेशी, तांबड्या पेशी आणि प्लेटलेट या तिन्ही रांगा खालीच राहिल्या, तर कुठल्याही डोसनं औषध पुन्हा सुरू करू नका. क्वचित अस्थिमज्जा (हाडातला रक्तपेशी बनवणारा भाग) कायमची बसते.

ताप ३८.३ अंश सेल्सिअस किंवा तासभर ३८च्या वर, म्हणजे साधारण १०१ आणि १००.४ फॅरनहाइट, आणि एएनसी ५०० च्या खाली : रक्ताचा कल्चर घ्या आणि तासाभरात पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम ४.५ ग्रॅम शिरेतून द्या, मग पाठवायची तयारी करा. डेक्सामिथासोन चालू असलेल्याला ताप चढतच नाही, म्हणून "ताप नाही" या शब्दावर निर्धास्त राहू नका. नाडी आणि श्वास मोजा. प्लेटलेट कमी असताना कमरेत इंजेक्शन टोचू नका.

दोन गोष्टी आधीच झालेल्या असायला हव्यात. हिपॅटायटिस बीसाठी एचबीएसएजी आणि एकूण अँटी-एचबीसी, दोन्ही. एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल तर एन्टेकाव्हिर किंवा टेनोफोव्हिरच्या आडोशाशिवाय टेमोझोलोमाइड धोक्याचं, विषाणू उसळून यकृत निकामी होऊ शकतं. आणि शेक-कॅप्सूलच्या काळात न्यूमोसिस्टिस न्यूमोनियापासून संरक्षण : कोट्रायमॉक्साझोल डबल स्ट्रेंग्थ सोमवार-बुधवार-शुक्रवार, लिम्फोसाइट भरून येईपर्यंत. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर डॅप्सोन, पण जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम तपासूनच.

डेक्सामिथासोन : लागेल तितकंच, आणि हळूहळू बंद

या औषधाइतकं उपकारी आणि इतकं निष्काळजीपणे चालू ठेवलेलं दुसरं औषध या आजारात नाही. साधारण दिवसाला ४ ते १६ मिग्रॅ. औषधाचा असर लांबवर टिकतो, म्हणून सकाळी आणि दुपारी दोन डोस पुरतात. संध्याकाळी सहानंतर दिलं तर रुग्ण रात्रभर घरात येरझाऱ्या घालतो आणि नातेवाईक झोपेची गोळी मागायला येतात.

बाजारात अर्धा मिलिग्रॅमची गोळी सर्रास मिळते आणि ४ मिलिग्रॅमचीही. "डेक्सा १-०-०" अशी चिठ्ठी वाचून दुकानदार अर्ध्याची देतो, डोस आठपटीनं घसरतो, तिसऱ्या दिवशी रुग्ण उलट्या करत येतो आणि सगळ्यांना वाटतं गाठ वाढली. स्ट्रिप हातात घेऊन पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

कमी करताना दर चार-पाच दिवसांनी चौथा भाग उतरवा. महिन्याभरापेक्षा जास्त काळ चालू असेल तर आणखी सावकाश, आणि शेवटचे २ मिग्रॅ तर अगदी रेंगाळत. डोकेदुखी किंवा हातापायाची कमजोरी परतली तर ज्या डोसवर रुग्ण ठीक होता तिथे परत जा. मळमळ, गळून जाणं, बीपी कमी, सोडियम कमी असं दिसलं तर अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुस्तावली आहे. गाठीची वाढ समजून केमोची चर्चा सुरू करण्याआधी हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅ शिरेतून द्या.

दुष्परिणाम ओळखायची एक सोपी खूण : उकिडवं बसून उठता येतं का? दोन्ही मांड्या सारख्याच लुळ्या, पण हातांची पकड चांगली, तर ती स्टिरॉइडची मायोपॅथी. एकाच बाजूचा हात-पाय गेला तर मेंदूकडे पाहा. साखर उपाशीपोटी नॉर्मल येते आणि दुपारी जेवणानंतर ३०० च्या वर जाते. फक्त सकाळी तपासून मधुमेह नाही म्हणू नका.

गुंगी वाढत चालली, उलट्या, नाडी मंद, एक बाहुली मोठी : डोकं ३० अंश वर, मान सरळ, डेक्सामिथासोन ८ मिग्रॅ शिरेतून, मॅनिटॉल २० टक्के किलोला ०.५ ते १ ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला १५० ते ३०० मिली, २० मिनिटांत. थंडीत बाटलीत स्फटिक धरतात. कोमट पाण्यात बाटली धरून ते विरघळवा आणि फिल्टर असलेला सेट लावा. पाच टक्के डेक्स्ट्रोजची बाटली लावू नका, सूज वाढते. मग अ‍ॅम्ब्युलन्स.

फिट

लेव्हेटिरासिटॅम ५०० मिग्रॅ दोन वेळा ही नेहमीची सुरुवात. फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन यकृतातली एन्झाइम वाढवून डेक्सामिथासोनचा असर खातात. व्हॅल्प्रोएट आणि टेमोझोलोमाइड दोघंही प्लेटलेटवर उठतात. ज्याला कधीच फिट आली नाही त्याला ऑपरेशननंतर आयुष्यभर गोळी द्यायची गरज नसते. उगाच चालू दिसली तर केंद्राला विचारा. लेव्हेटिरासिटॅमवर रुग्ण चिडका, आक्रमक होतो. बायको सांगते, "आधी असे नव्हते हो." गाठ पुढच्या भागात असेल तर तीही कारण असू शकते, पण गोळी बदलून पाहणं सोपं आहे. आधी पर्याय सुरू करायचा, मगच ही उतरवायची.

फिट पाच मिनिटांहून जास्त लांबली की शिरेतून लोराझेपाम ४ मिग्रॅ, शीर मिळत नसेल तर मिडाझोलाम १० मिग्रॅ मांडीत. थांबली नाही तर लेव्हेटिरासिटॅम किलोला ६० मिग्रॅ, कमाल ४,५००, दहा मिनिटांत. नंतर कारण शोधा : चुकलेली गोळी, साखर, सोडियम, ताप, आणि प्लेटलेट. प्लेटलेट २० हजार असताना आलेली फिट म्हणजे रक्तस्राव, तसा नाही हे सिद्ध होईपर्यंत.

दुचाकी, ट्रॅक्टर, विहिरीवरची मोटर, एकट्यानं चूल : बंद. घरात मिडाझोलामचा नाकाचा फवारा ठेवावा आणि किती फवारे मारायचे हे वजनाप्रमाणे बाटलीवरच लिहून द्यावं.

पाय आणि श्वास

या आजारात चार-पाचांतल्या एकाच्या तरी शिरेत कधी ना कधी रक्ताची गुठळी होते. पाय आधीच लुळा असल्यानं सूज "हालचाल नाही म्हणून" समजली जाते. दोन्ही पोटऱ्या टेपनं मोजा. तीन सेंमीपेक्षा जास्त फरक असला तर त्याच दिवशी डॉपलर. मेंदूत गाठ आहे म्हणून रक्त पातळ करायचं औषध द्यायचंच नाही, ही समजूत जुनी. ताजं ऑपरेशन किंवा ताजा रक्तस्राव नसेल आणि प्लेटलेट पुरेशा असतील तर एनॉक्झापॅरिन किलोला १ मिग्रॅ दोन वेळा देता येतं. किडनी तपासून, न्यूरोसर्जनला फोन करून.

कोरडा खोकला, चालताना धाप, छातीचा एक्स-रे जवळजवळ स्वच्छ : रुग्णाला खोलीत दोन फेऱ्या मारायला लावून ऑक्सिमीटर पाहा. बसून ९६ आणि चालून ८७ असेल तर फुफ्फुसातली गुठळी किंवा न्यूमोसिस्टिस, दोन्ही मनात ठेवून पाठवा.

एमआरआय आणि "गाठ परत आली" हा शब्द

शेक संपल्यावर साधारण चार आठवड्यांनी पहिला एमआरआय, पुढे दर दोन-तीन महिन्यांनी, शक्यतो एकाच मशीनवर. फिल्म नव्हे, सीडी जपून ठेवायला सांगा.

शेकानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत चमकणारा भाग मोठा दिसला तरी ती दरवेळी गाठ नसते. शेक-केमोनं मेलेल्या पेशींभोवतीची सूज आणि गळक्या रक्तवाहिन्या हुबेहूब तशाच दिसतात. याला स्यूडोप्रोग्रेशन म्हणतात आणि एमजीएमटी मेथिलेटेड रुग्णांत ते जास्त दिसतं. शेवटच्या शेकाची तारीख लाल पेनानं लिहायला सांगितली ती यासाठीच. स्थानिक रेडिओलॉजिस्टकडे शेकाचा नकाशा नसतो, ते प्रामाणिकपणे "रिकरन्स" लिहितात, रिपोर्ट घरी वाचला जातो आणि काही कुटुंबं तिथेच उपचार सोडतात. रिपोर्टाच्या पाकिटावर चिठ्ठी लावा : "केंद्रात दाखवल्याशिवाय अर्थ लावू नये." रुग्ण ठीक असेल तर सायकल चालू ठेवून सहा-आठ आठवड्यांनी एमआरआय पुन्हा करतात, परफ्यूजन किंवा पेटची मदत घेतात. शेकानंतर महिना-दीड महिन्यानं येणारी अतोनात झोपही अशीच, बहुधा आपोआप ओसरते.

गाठ खरोखर परतली तर पुन्हा ऑपरेशन, पुन्हा शेक, बेव्हासिझुमॅब किंवा लोमुस्टिन यांतून केंद्र निवडतं. बेव्हासिझुमॅबमुळे सूज झपाट्यानं उतरते आणि स्टिरॉइड कमी करता येतं, आयुष्य मात्र त्यानं वाढल्याचं चाचण्यांत दिसलेलं नाही. त्यावर असलेल्याचं बीपी आणि लघवीतलं प्रोटीन पाहत राहा. लोमुस्टिन सहा आठवड्यांतून एकदाच, एकाच दिवशी घ्यायचं असतं. एका वेळी एकाच डोसपेक्षा जास्त औषध घरी जाऊ देऊ नका. त्यातला पेशींचा खड्डा चौथ्या ते सहाव्या आठवड्यात येतो, म्हणून तिसऱ्या आठवड्याच्या चांगल्या सीबीसीवर विसंबू नका.

बोलणं, कागदपत्रं आणि शेवटचे आठवडे

"त्यांना काही सांगू नका" हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागणारच. त्यावर वाद घालण्यापेक्षा रुग्णालाच विचारा : "तुम्हाला किती जाणून घ्यायचं आहे, आणि कुणाच्या समोर?" या आजारात बोलणं आणि निर्णयशक्ती शरीराच्या आधी जाऊ शकते, म्हणून हे संभाषण शेक संपल्या-संपल्या, रुग्ण त्यातल्या त्यात बरा असताना व्हायला हवं. बँकेचं खातं संयुक्त करणं, नॉमिनी, विमा, सातबाऱ्याचे प्रश्न, मृत्युपत्र हे सगळं सही जुळते आहे तोवर उरकायला सांगा. डावी-उजवी बाजू गेली की सही बदलते आणि बँकेत खेटे सुरू होतात.

गिळणं बंद पडायला लागलं की गोळ्यांची यादी छाटा. कोलेस्टेरॉल, कॅल्शियम, व्हिटॅमिन आधी जातात. फिटचं औषध शेवटपर्यंत राहतं : तोंडानं जमेनासं झालं की सिरप, मग त्वचेखाली लेव्हेटिरासिटॅम किंवा मिडाझोलाम. डेक्सामिथासोनही त्वचेखाली देता येतं. डोकेदुखीला पॅरासिटॅमॉल पुरेना तर मॉर्फीन थोड्या मात्रेत द्या, तोंडानं २.५ ते ५ मिग्रॅ दर चार तासांनी, सोबत जुलाबाचं औषध. २०१४च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. जिल्ह्यात कुणाकडे मिळतं ते गरज पडण्याआधीच विचारून ठेवा. घशात घरघर सुरू झाली की रुग्णाला कुशीवर वळवा आणि सलाईन काढा, जास्त पाण्यानं घरघर वाढते. रात्री फिट आली तर काय करायचं, कोणाला फोन करायचा आणि मोठ्या रुग्णालयात न्यायचं की नाही, हे घरच्यांशी आधी बोलून एका कागदावर लिहा आणि तो कागद पलंगाजवळच्या भिंतीला चिकटवा.